कणग्याशी उंदीर, चुलीपाशी मांजर

भात झोडून झालं, नागलीची कणसं खळ्यावर आली, की जव्हार-मोखाड्यात दोन स्थलांतरं सुरू होतात. दिवाळीनंतर माणसं बिऱ्हाड बांधून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि उंदीर शेत सोडून घराकडे निघतात. पहिल्या स्थलांतरावर अहवाल लिहिले जातात, सभागृहात प्रश्न विचारले जातात. दुसऱ्याची दखल फक्त मांजर घेतं.

उंदरांचंही काही चुकत नाही. पावसाळाभर बांधावर बीळ, समोर लोंबीला आलेलं भात, लपायला कमरेएवढं गवत. मग आठवड्याभरात विळा फिरतो आणि आडोसा, जेवण सगळं एकदम नाहीसं होतं. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर. मोखाड्यातल्या सूर्यमाळकडे गारठा आणखी झोंबतो. असल्या रात्री उघड्या माळावर घुबडाची नजर चुकवत हिंडण्यापेक्षा कुडाचं घर काय वाईट? कारवीच्या काठ्यांची शेणामातीनं लिंपलेली भिंत, वर माळा, कोपऱ्यात कणगा, मधे धुमसती चूल. उंदराच्या लेखी ही सर्व सोयींनी युक्त जागा आहे. एक मांजर तेवढं सोडलं तर.

आधी पाहुण्यांची ओळख

‘उंदीर’ म्हणून आपण एका झाडूनं ज्यांना हाकलतो ती एक जात नसून चांगली पलटण आहे. रात्री माळ्यावर पळापळ चालते ती बहुतेक काळ्या घरउंदराची. त्याची शेपूट अंगापेक्षा लांब असते आणि वाशावरून धावताना तोल सांभाळायला ती कामी येते. जमिनीवर उतरायला तो फारसा उत्सुक नसतो. डब्यामागचं पिटुकलं वेगळं, त्याचं वजन १५ ते २० ग्रॅम. शेतातला लहान उंदीर त्याहून हलका, दहा-बारा ग्रॅमचा. आणि या सगळ्यांची थोरली जाऊबाई म्हणजे घूस. मोठी घूस किलोच्या आसपास भरते, चिडली की पाठीवरचे लांब केस ताठ करते आणि चक्क गुरगुरते. घुशीच्या धाकट्या जातीला साठवणीचं वेड असतं. भाताच्या लोंब्या तोडून बिळातल्या कोठीत ती इतक्या भरते, की बीळ खणल्यावर काही किलो धान निघाल्याच्या नोंदी आहेत. कातकरी मंडळींना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कापणीनंतर बिळं उकरून ते धान परत मिळवायचं आणि जमलं तर चोरही पकडायचा, हा त्यांचा जुना हिशेब. वाया काहीच जात नाही.

बांबूच्या बेटात आणि झाडांवर राहणारा लांब शेपटीचा झाडउंदीर मात्र घराच्या भानगडीत कमी पडतो. त्याच्या पायाची बोटं पाहण्यासारखी असतात: पहिल्या आणि शेवटच्या बोटाला नखी नसून माणसासारखं चपटं नख असतं आणि ती दोन्ही बोटं वळवून तो फांदी मुठीत धरावी तशी धरतो. शेपटीचा वेढाही फांदीला घालतो. गवताचा गोल खोपा करून आत झोपतो.

पण माझ्या मते या पलटणीतला खरा कलाकार आहे तो राठ, काटेरी केसांचा तपकिरी उंदीर. महाराष्ट्रातल्या मुरमाड माळांवर तो असतो. वॉल्टर एलियट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ साली दक्षिण मराठा मुलुखातल्या प्राण्यांची यादी छापली, त्यात याच्या बिळाचं वर्णन आहे. हा पठ्ठ्या आत गेला की बिळाचं तोंड बारीक खड्यांनी बंद करून घेतो. बाहेर खड्यांचा साठा असतोच, त्यावरूनच घर ओळखावं. आत गेल्यावर मुख्य खोलीत काय, तर खड्यांची बैठक. गवत नाही, कापूस नाही, खडे. त्यावर हे महाशय बसतात. पोटाखालचे केस दाट असल्यामुळे ना गारवा लागतो ना टोचतं, असा एलियटचा तर्क. थंडीत खडकावर बसून शेकोटीची वाट पाहणाऱ्या कुणालाही हा उंदीर आपला वाटावा.

दात आहेत म्हणून

उंदीर कुरतडतो तो नेहमी भुकेपोटीच असं नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. घरउंदराच्या आकाराच्या प्राण्यात ही वाढ आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे न झिजवता राहिला तर वर्षात वीतभराच्या निम्म्याहून जास्त. मग कणग्याची कामटी, दाराची चौकट, पायतानाचा पट्टा, जे समोर येईल ते. गंमत अशी, की दाताच्या फक्त पुढच्या बाजूला कडक थर असतो, मागची बाजू मऊ. मऊ भाग आधी झिजतो आणि धार आपोआप लागत राहते. कोयत्याला हे जमलं असतं तर लोहाराचं दुकान बंद पडलं असतं. मोठ्या उंदराच्या दातांचा पिवळा-नारिंगी रंग पाहून घाण समजू नका, त्या थरात लोह असतं.

पिटुकल्या उंदराला आत यायला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. डोकं गेलं की बाकीचं अंग जातं. नव्यानं लिंपलेल्या भिंतीला डिसेंबरात बारीक तडा जातो, तो आपल्याला दिसत नाही. त्याला दिसतो.

ओकता येत नाही, म्हणून शहाणा

उंदराला उलटी होत नाही. तशी सोयच शरीरात नाही. एकदा गिळलं की गिळलं. म्हणून तोंडात घालण्यापूर्वी तो भयंकर सावध असतो. नवा पदार्थ दिसला की आधी दुर्लक्ष, मग कणभर चव, मग थांबून पाहणं. पोटात कळ आली तर त्या चवीला जन्मभर रामराम. शिवाय एक उंदीर काही खाऊन आला की दुसरे त्याचं तोंड हुंगतात आणि पुढे तोच पदार्थ पसंत करतात. ‘चांगलं आहे रे’ असा निरोप श्वासावरून जातो. म्हणूनच कृषी खात्याची माणसं सांगतात, की झिंक फॉस्फाईड हे विष ठेवण्याआधी दोन-तीन दिवस साधी भरड तेल लावून खाऊ घाला. आधी विश्वास, मग घात. ऐकायला बरं वाटत नाही, पण पद्धत हीच आहे.

विषांच्या कहाण्यांत एक कहाणी आपल्या बांधावरची आहे. हिरवळीच्या खतासाठी लावतात ती गिरिपुष्प, शेतकऱ्यांच्या तोंडी उंदीरमारी, मूळची मध्य अमेरिकेची. तिकडे तिची साल आणि पाला धान्यात आंबवून उंदरांना घालत. आंबताना तयार होतं ते रक्त गोठू न देणारं द्रव्य. नेमकं हेच द्रव्य पुढे उत्तर अमेरिकेत बुरशी आलेल्या चाऱ्यात सापडलं, तो चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत होती. कार्ल लिंक यांच्या विस्कॉन्सिनमधल्या प्रयोगशाळेनं त्यावरून वॉरफॅरिन बनवलं. ते १९४८ पासून उंदरांसाठी बाजारात आलं आणि काही वर्षांत माणसांसाठी औषध झालं. १९५५ साली हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आलं. म्हणजे उंदराचं विष आणि आजोबांची रक्त पातळ करायची गोळी एकाच घराण्यातली.

त्या घराण्याची नवी पिढी, म्हणजे ब्रोमॅडिओलोन वगैरे, जास्त जहाल आहे. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्तावून फिरतो. असा आयता उंदीर सर्वांत आधी कोण उचलतं? घरचं मांजर आणि उडवीवर येऊन बसणारं गव्हाणी घुबड. ज्या घरात ही दोन्ही आहेत तिथे असलं विष ठेवू नये हे उघड आहे, पण दुकानदार पुडी देताना ते सांगत नाही.

चिचुंद्री: चुकीच्या यादीतलं नाव

चिचुंद्री उंदीर नाही. कुरतडणारे दात तिला नाहीत, धान्याशी तिचं देणंघेणं फारसं नाही. ती झुरळं, किडे, गांडुळं खाते. म्हणजे घरात तिचा उपद्रव कमी आणि उपयोग जास्त. तरी मार खाते ती सगळ्यांत आधी, कारण वास. अंगाच्या बाजूला असलेल्या ग्रंथींतून तो उग्र दर्प सुटतो. मांजर तिला पकडतं, मारतंसुद्धा, आणि मग तोंड वेडंवाकडं करून अंगणात टाकून देतं. तिची पिल्लं आईमागून निघतात ती रांगेत: पहिलं आईला शेपटीजवळ तोंडात धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. मधलं कुणी सोडत नाही. पाहायला मिळालं तर झाडू जरा बाजूला ठेवा.

दूधभाकरीवर मांजर जगतं का?

पाड्यावरच्या मांजराला ताटातली उरलेली नागलीची भाकरी आणि असलंच तर घोटभर दूध मिळतं. ‘बाकी तुझं तू बघ’ हे न सांगता कळतं. ही व्यवस्था शास्त्राला धरून आहे, हे फार उशिरा कळलं. मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य अन्नातून मिळावंच लागतं. पुरेसं बनवणं त्याच्या शरीराला जमत नाही. ते नसेल तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमकुवत होतं. १९८७ साली अमेरिकेत विकतच्या खाद्यावर पोसलेल्या मांजरांच्या हृदयविकाराचं कारण सापडलं ते हेच. भाकरीत टॉरीन नाही. उंदरात भरपूर आहे. वीटभट्टीला गेलेलं घर चार-सहा महिन्यांनी परततं तेव्हा मागे राहिलेलं मांजर टुणटुणीत असतं, त्यामागे हा खुराक.

आणि दिवाळीची करंजी त्याला देऊ नका. दयेपोटी नव्हे, उपयोग नाही म्हणून. मांजराला गोड कळतच नाही. जिभेवर गोडाची चव टिपणारी जोडी ज्या दोन जनुकांमुळे तयार होते, त्यातलं एक मार्जारकुळात केव्हाच मोडलं. २००५ साली हे सिद्ध झालं. वाघालाही बासुंदी फिकीच. दुधासाठी मांजर जीव टाकतं ते स्निग्धांशासाठी. वर वाढ पूर्ण झालेल्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही आणि मग आपण म्हणतो, ‘ह्याला काय झालं आज?’

अंधारातली मैफल

नर उंदीर मादीला गाऊन दाखवतो. खरंच. त्या आवाजात सूर असतात, तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात, हे २००५ मध्ये ध्वनिमुद्रणातून दिसलं. आपल्याला ऐकू येत नाही कारण माणसाचा कान सेकंदाला २० हजार कंपनांशी थांबतो आणि ही गाणी त्याच्या कितीतरी वर असतात. मांजराचा कान मात्र साठ हजारांच्याही पुढे जातो. म्हणजे माळ्यावर प्रणयगीत सुरू होतं तेव्हा घरातला एकमेव श्रोता खाली चुलीपाशी डोळे मिटून पडलेला असतो. कान तेवढा वळतो.

डोळ्यांचं उलटं आहे. आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाच्या उजेडात मांजराचं भागतं, पण एक वीतभर अंतराच्या आतलं त्याला नीट दिसत नाही. पंजाखालचा उंदीर त्याला धूसरच दिसतो. मग झडप घालताना मिश्या पुढे येतात, जवळजवळ जाळ्यासारख्या, आणि भक्ष्य कुठे हलतंय ते त्या सांगतात. नाकासमोर टाकलेला माशाचा तुकडा न दिसता मांजर इकडेतिकडे हुंगत बसलं, तर ते नाटक करत नाही.

आता जरा नावलौकिकाबद्दल

स्कॉटलंडमधल्या ग्लेनटरेट या दारूभट्टीत टाउझर नावाची मांजरी होती. १९६३ ते १९८७ या काळात तिनं २८,८९९ उंदीर मारले, अशी गिनेसची नोंद आहे. म्हणजे रोज तीनच्या वर. आकडा अंदाजानं काढलेला, तरी मान द्यावा असा.

दुसरा आकडा कमी ऐकला जातो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कचऱ्याच्या एका केंद्रात दीडशेच्या आसपास मोठ्या उंदरांची वसाहत होती आणि मोकाट मांजरंही. अभ्यासकांनी कॅमेरे लावले. २०१८ साली निकाल आला: ७९ दिवसांत मांजरांनी हल्ले केले तीन आणि उंदीर मेले दोन. बाकी वेळ दोन्ही पक्ष एकमेकांना टाळत होते. कारण साधं आहे. ते उंदीर तीनशे ग्रॅमच्या वरचे होते आणि एवढा उंदीर चावतो. आपल्याकडे घुशीसमोर बोका अचानक आभाळाकडे का बघायला लागतो, त्याचं उत्तर हे. पिटुकले उंदीर, शेतउंदीर, पाली, टोळ यांवर त्याची मर्दुमकी. घुशीला आवरायला धामण, मुंगूस आणि घुबड लागतं.

तरीही मांजर फुकटचं खातं असं नाही. ब्रुकलिनमध्येही मांजर आसपास असलं की उंदीर उघड्यावर कमी यायचे, फटीत दडून बसायचे. मांजर मारेकरी कमी आणि राखणदार जास्त. घरात उंदरांचा राबता कमी असेल तर त्यांच्यामागे येणारी घोणस-धामणही उंबऱ्याबाहेर राहते, आणि मोखाड्यासारख्या ठिकाणी, जिथून मोठा दवाखाना लांब, त्याची किंमत रोकड्यात करता येत नाही.

राखणदारीवर विश्वास ठेवणारा एक सरकारी डॉक्टर महाराष्ट्रानं पाहिला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे वऱ्हाडापर्यंत पसरला. उंदरावरच्या पिसवांमुळे तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. त्यानंतर अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वेगळंच डोकं चालवलं: गावोगावच्या मांजरांची मोजदाद. जिथे घरटी मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि १९०८ साली ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. साहेबाचा शिपाई वही घेऊन दारोदार मांजरं मोजत फिरतोय, हे दृश्य नुसतं डोळ्यांसमोर आणा. (आजच्या कसोटीवर ती मोजणी कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. मांजरालाही प्लेग होतो.)

मूळ गाव: भारत

युरोपात प्लेगचा बदनाम प्रवासी ठरलेला काळा घरउंदीर मूळचा आपल्या द्वीपकल्पातला. व्यापारी मालाबरोबर तो पश्चिमेला गेला आणि रोमन काळात युरोपात पोहोचला. जुन्या हाडांतल्या डीएनएवरून २०२२ मध्ये दिसलं, की रोमन साम्राज्य ढासळल्यावर तिकडे तो जवळपास संपला आणि मध्ययुगात नव्यानं आला. आता पालघर जिल्ह्यातलं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात नाव असलेलं. तिथून सुटणाऱ्या गलबतांत एखादा माळ्यावरचा उंदीर नसेलच, असं कोण छातीठोक म्हणेल? पुरावा मागू नका, मला ही कल्पना आवडते.

मांजराचा प्रवास उलट्या दिशेनं झाला. ते पश्चिम आशिया-आफ्रिकेकडच्या रानमांजराचं वंशज. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. शेती आली, धान्य साठलं, उंदीर आले, त्यामागून मांजर आलं. कणगा आधी, मांजर नंतर.

भीती गेलेला उंदीर

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे. त्याला आपली पुढची पिढी वाढवायची तर मांजराच्या आतड्यातच जावं लागतं. मधल्या टप्प्यात तो उंदरात असतो. मग? ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं, की लागण झालेल्या उंदरांना मांजराच्या मुताच्या वासाची भीती वाटेनाशी होते, काही तर त्या वासाकडे ओढले जातात. उंदीर चालत मांजराच्या तोंडी जातो आणि परजीवी इच्छित स्थळी पोहोचतो. माणसालाही याची लागण होऊ शकते, म्हणून गरोदर बाईनं मांजराची घाण काढू नये, ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं.

मावशी आणि तिची रानातली भाची

बाकी महाराष्ट्र आश्विन वद्य द्वादशीला गाय-वासरू पुजतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर त्याच दिवशी वाघबारस, आणि मान वाघदेवाचा. वाघाच्या मावशीला मात्र त्या दिवशी वेगळा नैवेद्य नसतो. तिचं रोजचंच.

तिची एक रानातली भाची सह्याद्रीत आहे: वाघाटी. अंगावर तांबूस ठिपके, वजन दीड किलोच्या आतबाहेर. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी ही एक, घरच्या मांजराच्या निम्मी. खाणं तेच, उंदीर. पिकात किंवा गवतात तिची पिल्लं सापडली की लोक ‘बिबट्या, बिबट्या’ म्हणून गाव गोळा करतात. पिल्लं न हलवता वनखात्याला कळवलं तर आई रात्री येऊन घेऊन जाते. कायद्यानं तिला वाघाच्याच रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. १९७२ च्या त्याच कायद्यात उंदरांची नोंद उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत होती, सोबतीला कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं. २०२२ च्या दुरुस्तीत ती अख्खी अनुसूचीच गेली. उंदरांना कुणी सांगितलं नसावं, वागणुकीत फरक नाही.

जाता जाता, शेपटीखालचं

काळं-पांढरं-तांबडं असं तिरंगी मांजर दिसलं की ती मांजरी आहे, अशी पैज खुशाल लावा. तांबड्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं असतं. मादीकडे अशी दोन असतात, म्हणून एका ठिकाणी तांबडं आणि दुसऱ्या ठिकाणी काळं उमटू शकतं. बोक्याकडे एकच, त्यामुळे त्याला एकच रंग निवडावा लागतो, पांढरा वेगळ्या जनुकाचा. नेमकं जनुक कोणतं, हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. तिरंगी बोका हजारोंत एखादा जन्मतो, तोही एक जादा एक्स घेऊन आणि बहुधा निर्वंश. तेव्हा ‘आमच्या पाड्यावर आहे की तिरंगी बोका’ असं कुणी म्हणालं, तर त्याला उजेडात नेऊन शेपटी पुन्हा एकदा उचलायला सांगा. ओरखड्यांची जबाबदारी ज्याची त्याची.